मूल गावाचे : वऱ्हाडातील काही लोकोपक्रमांचा अभ्यास

समाजाची खरी ओळख तो आपल्या मुलांना कसे वागवितो यावरून पटते, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा अर्थ विचारण्याची गरजच कोणाला वाटत नाही. दर वर्षी निदान दहा-पंधरा उत्तरपत्रिकांत ते मला भेटते. वाक्य चांगले आहे. पण ‘वागविणे’ म्हणजे नेमके काय? आई-बाप मुलाला वाढवितात, शाळा त्याला शिकविते, शासन त्याच्यासाठी कायदे व योजना करते. या तिघांना वजा केल्यावर ‘समाज’ म्हणून जे काही उरते, ते त्या मुलासाठी काय करते?

समाजशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न निघाला म्हणजे विद्यार्थी पुस्तकातील उदाहरणे देतात. ती बहुधा परदेशातील असतात, फार तर पुण्या-मुंबईची. वास्तविक आपल्या अमरावती-अकोल्याच्या मातीत या प्रश्नाची उत्तरे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत लोकांनी स्वतः शोधली आहेत. त्यांतील काही उत्तरे आपल्या रोजच्या वाटेवर उभी आहेत. प्रस्तुत लेखात या दोन जिल्ह्यांतील अशा काही उपक्रमांचा विचार करावयाचा आहे. सर्व संस्थांची यादी देणे हा हेतू नाही. हे उपक्रम मुलाला नेमके काय देतात आणि त्यांचे काम कोठे अपुरे पडते, एवढेच मला पाहावयाचे आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

‘बालकल्याण’ हा शब्द आज कार्यालयीन झाला आहे. तो उच्चारताच खाते, अनुदान आणि तपासणी आठवते. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालहक्कांची संहिता स्वीकारली आणि भारताने १९९२ साली तिला मान्यता दिली. तिच्यात जगणे, वाढ, संरक्षण आणि सहभाग या बाबी हक्क म्हणून सांगितल्या आहेत. ही मोठी गोष्ट होय. परंतु हक्क कागदावर असला तरी तो मुलापर्यंत नेणारा कोणी तरी माणूस लागतो.

आपल्या भागात हा माणूस अधिकच लागतो. वऱ्हाडातील बहुसंख्य कुटुंबांचे सुखदुःख आजही पावसावर आणि पिकाच्या भावावर ठरते. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी पिण्याला नाही आणि ओलितालाही नाही. मी स्वतः दर्यापूर तालुक्यातून शिकावयास आलो. तेव्हा नापिकीच्या वर्षी घरातील कोणते मूल शाळेतून प्रथम निघते आणि कापूस वेचायला जाते, हे मला कोणत्याही अहवालात वाचावे लागले नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विशेष मदत जाहीर केली, त्यांत अमरावती व अकोला ही दोन्ही नावे होती. बाप कर्जाच्या काळजीत असेल तर त्याच्या मुलाचे कल्याण वेगळे काढून करता येत नाही. घराला जे सोसवत नाही त्याचा काही भार शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, गावाने, मंडळाने उचलावा लागतो. अशा उचललेल्या भारालाच मी येथे लोकोपक्रम म्हणतो.

२. आखाडा : शरीर आणि शिस्त

या विचाराचा आरंभ अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापासून करणे योग्य ठरेल. अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ साली हे काम सुरू केले. गावोगाव तालमी होत्याच. पण त्या बहुतेक एखाद्या वस्तादाच्या नावावर चालत आणि वस्ताद गेला की ओस पडत. मंडळाने वेगळे काय केले, तर व्यायाम शिकविणारे लोक तयार करण्याची व्यवस्था केली. उन्हाळ्याच्या सुटीतील शारीरिक शिक्षणाच्या वर्गांना दूरदूरच्या प्रांतांतून तरुण येऊ लागले आणि येथून शिकून गेलेल्यांनी आपापल्या गावी व्यायामशाळा काढल्या. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, ही हकीकत अमरावतीकर अभिमानाने सांगतात. ती सांगावीच. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने मला त्या बर्लिनच्या वारीपेक्षा उन्हाळी वर्गाचे महत्त्व अधिक वाटते. ज्या संस्थेने आपल्यासारखी माणसे पुढे तयार केली, ती शंभर वर्षे टिकली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आखाड्याने मुलाला बळ दिले हे तर खरेच. पण एवढेच दिले काय? एका गावातील वयोवृद्ध वस्तादांना मी हा प्रश्न विचारला होता. मी म्हणालो, “बाबा, पोरांना तालमीत सर्वांत जास्त काय लागते? खुराक?” ते म्हणाले, “खुराक तं लागतेच सर. पण पोट्ट्याले वाट पायनारा मानूस लागते. दोन दिस आलं नाही तं मी त्याच्या घरी जातो. काहून नाही आला रे बापू, म्हून इचारतो. मंग ते येते.” मानसशास्त्राच्या पुस्तकांत यासाठी मोठमोठे शब्द आहेत, वस्तादांनी वऱ्हाडीत थोडक्यात सांगितले. मूल आले नाही तर कोणाच्या तरी ते लक्षात आले पाहिजे.

या दृष्टीने पाहिले असता अकोल्याचा कावड-पालखी उत्सवही निराळा दिसू लागतो. श्रावणातील अखेरच्या सोमवारी अकोल्यातील तरुण गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी कावडींत भरून सुमारे १८ किलोमीटर चालत येतात आणि राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात गर्दी आणि ढोलांचा आवाज दिसतो. परंतु गल्लीगल्लीतील मंडळे त्याआधी कित्येक दिवस तयारी करीत असतात. वर्गणी, हिशेब, खांदेकऱ्यांच्या पाळ्या, वाटेवरचा फराळ ही सर्व व्यवस्था अठरा-वीस वर्षांची मुले करतात. ज्याला शाळेने ‘ढ’ म्हणून मागे बसविले, त्याच्या खांद्यावाचून कावड पुढे जात नाही. आपण हवे आहोत हा अनुभव त्या वयात फार मोलाचा असतो. प्रश्न एवढाच की हा अनुभव वर्षातून एक दिवस मिळावा की बाराही महिने? श्रावणात माणसे जमविणारे मंडळ इतर वेळी वाचनालय, अभ्यासिका किंवा रक्तदात्यांची यादी का चालवू शकणार नाही? जेथे मंडळांनी असे केले आहे तेथे उत्सव संपल्यावरही पोरे एकमेकांना धरून राहतात.

आखाड्याची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. तालमीची जुनी दुनिया पुरुषांची होती. मुलींसाठी तिचे दार उशिरा उघडले. आज दोरीच्या मल्लखांबावर मुली सराईतपणे कसरती करतात, तरीही खेड्यातील वयात आलेल्या मुलीला संध्याकाळी मोकळेपणाने जाता येईल अशी जागा किती गावांत आहे, याची मोजणी आपल्यापैकी कोणी तरी करावी.

३. वसतिगृह : एका पंक्तीचे शिक्षण

खेड्यातील मुलाला दुसरी अडचण असते ती शहरात राहावयाचे कोठे, ही. गेल्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात तिला वसतिगृह-चळवळीने उत्तर दिले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांना आधार दिला. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवले. वऱ्हाडात हेच काम डॉ. पंजाबराव देशमुख यांनी हाती घेतले.

पंजाबराव १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी शेतकरी कुटुंबात जन्मले. गावात पुढील शिक्षणाची सोय नव्हती म्हणून चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती असे करीत ते शिकले आणि पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमधून उच्च पदव्या व बॅरिस्टरी घेऊन १९२६ साली परत आले. शिकण्यासाठी परगावी राहावे लागणाऱ्या मुलाचे हाल त्यांनी सोसले होते. अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढले. डिसेंबर १९२६ मध्ये ज्यांची दिल्लीत हत्या झाली त्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव त्याला दिले आणि सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना तेथे प्रवेश दिला. काळ कोणता होता ते पाहावे. त्याच सुमारास, १९२७ साली, अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ चालू होती आणि पंजाबराव तिच्यात पुढे होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. देवळाच्या दारावर वाद चालला असताना छात्रालयात मुले एका पंक्तीला जेवत होती. पुढे १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि तिची शाळा-महाविद्यालये विदर्भभर पसरली. मला वाटते, या मोठ्या वृक्षाचे बी त्या छात्रालयाच्या पंक्तीत होते.

या ठिकाणी संत गाडगेबाबांचे स्मरण अपरिहार्य आहे. बाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. वडील लवकर वारले, तेव्हा आईसह ते मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामाकडे आले आणि तेथे गुरे राखीत, शेतात राबत वाढले. म्हणजे आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते शाळाबाह्य, पितृहीन, बालमजूर मूल होते. शाळेचे तोंड न पाहिलेला हा माणूस कीर्तनात उभा राहून लोकांना सांगे की एक वेळ घरातली भांडी विका, पण पोराला शिकवा. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आश्रमशाळांना चालना दिली, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेच्या हाती सोपविली. यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, ही दृष्टी त्या निरक्षर संताची. १९५६ साली वलगावजवळ त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव आज आपल्या विद्यापीठाला आहे.

आखाड्यात जसा वस्ताद, तसा चांगल्या वसतिगृहात गृहपाल. रात्री दहाला दिवा कोणाचा विझला नाही, कोणाच्या घरून महिनाभर पत्र आले नाही, कोण जेवायला बसला नाही, हे त्याला ठाऊक असते. आज वसतिगृहांच्या इमारती वाढल्या, पण त्यांतील गृहपालाची जागा पुष्कळदा रिकामी असते किंवा एकाकडे दोन-तीन ठिकाणचा कार्यभार असतो. इमारत राहते आणि वाट पाहणारा माणूस नाहीसा होतो.

४. दारापर्यंत जाणारी माणसे

आखाडा आणि वसतिगृह यांच्यापर्यंत मूल चालत येते. परंतु जे मूल अजून पाळण्यात आहे किंवा डोंगरातील पाड्यावर आहे, त्याचे काय? मेळघाटाने हा प्रश्न आपल्यापुढे फार कठोरपणे मांडला. धारणी व चिखलदरा या दोन तालुक्यांतील कोरकू मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या १९९० नंतरच्या दशकात देशभर गाजल्या. पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा, कुपोषण, मलेरिया, न्यूमोनिया, लहान वयात होणारी लग्ने आणि दवाखान्याविषयीची धास्ती अशी अनेक कारणे एकात एक गुंतलेली होती.

तेथे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागड येथे, तर डॉ. आशिष सातव आणि डॉ. कविता सातव यांनी धारणीजवळ उतावली येथे वर्षानुवर्षे ठाण मांडले. कोल्हे दांपत्याला २०१९ साली पद्मश्री मिळाली. या कामातील एक तत्त्व विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. डॉक्टर सगळ्या पाड्यांवर पोचू शकत नाही. म्हणून गावातीलच एखाद्या बाईला, ती थोडीच शिकलेली असली तरी, तान्ह्या बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे आणि धोक्याची खूण ओळखणे शिकवावयाचे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापून हीच पद्धत शास्त्रीय कसोटीला लावली. तेथील प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे ही पद्धत देशात ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाली. बाई गावची, भाषा कोरकू किंवा गोंडी, आणि ज्ञान मात्र दवाखान्याचे. अशी सांगड जमली तेव्हा दवाखाना पाड्यापर्यंत पोचला.

मनाच्या आजारांनाही हेच लागू पडते. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी खिन्नतेने ग्रासलेल्या माणसांशी बोलावे, त्यांचे ऐकून घ्यावे, गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्यावे, अशी त्याची रीत होती. सुरुवातीला खिन्नतेच्या विकाराने पीडित असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते; दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हा प्रकल्प मोठ्या माणसांसाठी होता. परंतु बापाला वेळेवर मदत मिळाली तर घरातील पोराचेही रक्षण होते, हे सांगावयास नको. आफ्रिकेत झिंबाब्वे देशात २००६ पासून प्रशिक्षित आजीबाई दवाखान्याच्या आवारातील लाकडी बाकावर बसून दुःखी माणसांचे ऐकतात आणि त्यांना वाट सुचवितात. आपल्याकडे बाक नसेल. ओटे, पार आणि चावड्या भरपूर आहेत. त्यांवर बसून तरुणांचे ऐकणारे कोणी आहे काय, हा खरा प्रश्न आहे. महाविद्यालयीन वयातील मुलगा ‘टेन्शन आहे’ एवढेच म्हणतो आणि गप्प होतो. त्याच्या गप्प बसण्याकडे पाहणारा माणूस घरात नसेल तर तो बाहेर तरी असावा लागतो.

५. नाव देणारे घर

आतापर्यंतच्या मुलांना निदान घर आणि नाव होते. ज्यांना दोन्ही नाही अशा मुलांकडे आता वळू.

फासेपारधी समाजाची मुले घेऊ. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. पोलिसांची धास्ती, भीक आणि भटकंती यांत मुलांचे बालपण जात राहिले. अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चवाळा येथे याच समाजातील मतीन भोसले या शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून २०१० नंतरच्या वर्षांत या मुलांसाठी निवासी शाळा काढली. नाव ठेवले ‘प्रश्नचिन्ह’. सिग्नलवर आणि रेल्वे स्थानकांवर भीक मागणारी मुले त्यांनी गोळा केली. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत शाळेची काही बांधकामे गेली, तेव्हा त्या नावाला दुर्दैवाने आणखी एक अर्थ आला. एवढ्या मोठ्या रस्त्याच्या नकाशात एवढीशी शाळा कोणाला दिसावी, असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. शिकलेल्या माणसाने नकाशा वाचताना त्यावर न दिसणारी मुलेही पाहिली पाहिजेत.

अकोल्यातही अशी घरे आहेत. एचआयव्हीची बाधा घेऊन जन्मलेल्या मुलांना नातेवाईकही जवळ करीत नव्हते, अशा काळात तेथे सूर्योदय बालगृह उभे राहिले. कुष्ठरोग्यांना गावाबाहेर घालविले जात होते तेव्हा डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीत तपोवन वसविले, त्याच परंपरेतील हे काम म्हणावे लागेल.

आणि शेवटी वझ्झर. अचलपूर तालुक्यात, परतवाड्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी हे ठिकाण आहे. शंकरबाबा पापळकर यांनी तेथे मतिमंद, मूकबधिर, अंध अशा बेवारस मुलांसाठी बालगृह चालविले. ही मुले बसस्थानकांवर, रेल्वेच्या फलाटांवर, उकिरड्यांवर सापडलेली. पोलिसांनी आणून सोपविलेली. शंकरबाबा स्वतः गाडगेबाबांच्या विचारांचे. बाबांच्या नावाने त्यांनी ‘देवकीनंदन गोपाला’ हे नियतकालिक चालविले होते. बालगृहाला त्यांनी नाव दिले ते अंबादासपंत वैद्यांचे. शतकापूर्वीच्या आखाड्याची आठवण अशी या मुलांच्या दारावर आली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

शंकरबाबांनी केलेली एक गोष्ट इतर सर्वांहून वेगळी आहे. त्यांनी या १२३ मुलांना आपले आडनाव दिले. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर, बापाच्या नावाच्या जागी शंकरबाबा पापळकर. ‘अनाथ’ हा शब्दच त्यांनी कागदावरून काढून टाकला. मुले मोठी झाल्यावर कित्येकांची लग्ने लावून दिली, आणि त्या लग्नांना शहरातील प्रतिष्ठित माणसे वधूपित्याच्या नात्याने उभी राहिली. वझ्झरला वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी २०२४ साली लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली.

६. अठराव्या वर्षाचा उंबरठा

येथे मी या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या देशातील २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक. बालगृहात राहण्याचा अधिकारही तेथवरच. त्यानंतर अनुरक्षणाची तरतूद आहे. ती साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादाने तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. धडधाकट, शिकलेल्या मुलालाही हा काळ अपुरा पडतो. आपल्यापैकी किती जण एकविसाव्या वर्षी स्वतःच्या पायांवर उभे असतात? या वार्षिकात लिहिणारे बहुतेक विद्यार्थी त्याच वयाचे आहेत आणि त्यांच्या घरून अजून डबा व पैसे येतात. मग ज्याला ऐकू येत नाही, बोलता येत नाही, किंवा ज्याचे मन आठ वर्षांच्या मुलाएवढेच राहिले आहे, त्याने अठराव्या वाढदिवशी कोठे जावयाचे?

शंकरबाबा वर्षानुवर्षे हेच विचारीत आले. बेवारस दिव्यांग मुलांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही त्यांची मागणी. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. त्यांनी आपली मुले अठराव्या वर्षी बाहेर काढली नाहीत. बापाच्या घरातून मूल वयावरून जात नाही, असा त्यांचा साधा न्याय. परंतु १९४२ साली जन्मलेल्या या बापाने आता ऐंशी ओलांडली आहे. त्यांच्यानंतर या मुलांची वाट कोण पाहील?

आणि आता हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तो उन्हाळी वर्ग पुन्हा आठवावा. ज्या कामाने आपल्यासारखी माणसे तयार केली ते टिकले. जे एका माणसाच्या प्रेमावर उभे राहिले ते त्या माणसाएवढेच आयुष्य घेऊन आले. वऱ्हाडातील लोकोपक्रमांचे बळ आणि त्यांचा दुबळेपणा एकाच ठिकाणी आहे. एखादा विलक्षण माणूस उठतो, सर्वस्व ओततो, आपण त्याला हार घालतो, आणि त्याच्या खांद्यावरील ओझे तसेच ठेवून घरी येतो. पुरस्काराने माणसाचा गौरव होतो. त्याच्या मुलांचा उद्याचा प्रश्न सुटत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रेमाच्या नावाखाली चालणारे प्रत्येक घर चांगलेच असते असे नाही. म्हणून नोंदणी, बालकल्याण समितीची देखरेख, हिशेब आणि बाहेरच्या माणसांचे येणे-जाणे या गोष्टींना संस्थांनी अडथळा मानू नये. ज्या घराची दारे उघडी असतात तेथे मूल अधिक सुरक्षित असते. संकटातील मुलासाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावा. शासनाचे काम लोकांनी करावे आणि शासनाने हात झटकावेत असेही माझे म्हणणे नाही. आजन्म निवारा व उपचार यांचा खर्च शासनाचाच आहे. पण खर्च शासनाने केला तरी मायेची चौकशी माणसांनाच करावी लागेल.

७. निष्कर्ष, आणि विद्यार्थ्यांसाठी काही काम

आखाडा, छात्रालय, गावची आरोग्यसेविका आणि नाव देणारे घर या चार प्रकारच्या उपक्रमांवरून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, या सर्वांच्या मुळाशी मुलाच्या असण्या-नसण्याची दखल घेणारा माणूस आहे. इमारत आणि निधी नंतर येतात. दुसरी, जो उपक्रम आपले वारस घडवितो तोच टिकतो. तिसरी, बालपण संपण्याची तारीख कायदा ठरवू शकतो, पण आधाराची गरज त्या तारखेला संपत नाही. म्हणून अठरा ते पंचवीस या वयाचा विचार आपल्या संस्थांनी नव्याने केला पाहिजे.

हा अभ्यास येथे थांबू नये अशी इच्छा आहे. पुढील सुटीत प्रत्येकाने आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एक उपक्रम निवडावा. मोठाच पाहिजे असे नाही, भजनी मंडळ, अभ्यासिका किंवा कबड्डीचा संघही चालेल. तेथे जाऊन पाच प्रश्न विचारावेत. येथे येणारी मुले कोण, आणि गावातील कोणती मुले येत नाहीत? मुली किती वाजेपर्यंत थांबू शकतात? मूल आले नाही तर कोण चौकशी करते? पैसा कोठून येतो आणि हिशेब कोण पाहतो? आजचा चालक उद्या नसेल तर काम कोण करील? उत्तरे वहीत लिहून आणावीत. त्यांत कोणाचे नाव, आजार किंवा घरची अडचण उघड होणार नाही याची काळजी घ्यावी. अभ्यासाच्या निमित्ताने कोणाच्या दुःखाचे प्रदर्शन होता कामा नये.

पाचवा प्रश्न विचारताना मात्र एक तयारी ठेवावी लागेल. समोरचा माणूस तुम्हांलाच विचारील, “तू येशील काय रे बापू, हप्त्यातून एक दिवस?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते ज्याचे त्याने द्यावयाचे आहे, आणि ‘येईन’ म्हटल्यावर त्या दिवशी तेथे हजर राहावयाचे आहे. कारण एकदा सांगितले की तेथील मुले वाट पाहू लागतात.